पाचारण, पोट आणि मंगळुरी कौले

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या जुन्या घराचे मंगळुरी कौल उतरवून उलटे धरले, तर त्याच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले दिसते. कौल फार जुने असेल, तर रोमन लिपीत 'बासेल मिशन टाइल वर्क्स, मंगलोर' ही अक्षरे आणि १८६५ हे साल वाचायला मिळण्याचा संभव असतो. धर्मप्रसारासाठी स्वित्झर्लंडहून आलेल्या संस्थेला कौले भाजण्याचे काय कारण पडले, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण ख्रिस्ती धर्मविचारातल्या एका जुन्या वादापाशी जाऊन पोचतो. माणूस पोटासाठी जे काम करतो त्याचा देवाशी काही संबंध आहे का, आणि असेल तर ते काम कोणी द्यावे, त्याचा मोबदला किती असावा, नफा कोणाचा, असा हा वाद आहे. ख्रिस्ती परंपरेत या विषयावर भरपूर लिहिले गेले आहे, परंतु ते सारे लिखाण मंगळुरात ज्या तऱ्हेने कसाला लागले, तसे फार थोड्या ठिकाणी लागले असेल.

या वादातला कळीचा शब्द मराठी ख्रिस्ती वाचकाच्या परिचयाचा आहे. तो शब्द म्हणजे 'पाचारण'. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो, की ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले असेल त्याने त्या स्थितीत राहावे. पाचारण म्हणजे बोलावणे, देवाने दिलेली हाक. पौलाच्या मनात ती हाक मुख्यतः श्रद्धेकडे येण्याची होती. सुंता झालेला असो वा नसो, गुलाम असो वा स्वतंत्र, हाक ऐकण्यासाठी आधी आपली सामाजिक स्थिती बदलावी लागत नाही, एवढाच त्याचा मुद्दा होता. त्याच ठिकाणी तो गुलामाला असेही सांगतो, की स्वतंत्र होण्याची संधी मिळाली तर ती घे. पुढच्या काळात ही सवलत पुष्कळदा विसरली गेली आणि 'आहे तिथेच राहा' एवढेच लक्षात राहिले. याचा परिणाम काय झाला, ते पुढे पाहू.

कामाविषयी पवित्र शास्त्र एकाच सुरात बोलत नाही, हेही आधीच सांगितलेले बरे. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला एदेन बागेत ठेवले जाते ते मशागत करण्यासाठी आणि राखण करण्यासाठी. म्हणजे काम हे पापाच्या आधीचे आहे, शिक्षा म्हणून आलेले नाही. पुढच्याच अध्यायात मात्र घाम गाळून भाकर खाण्याचा शाप येतो. निर्गमच्या पुस्तकात निवासमंडपाचे काम करण्यासाठी बसालेल नावाचा कारागीर निवडला जातो, आणि देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले असे तिथे म्हटले आहे. हा आत्मा कशासाठी, तर सोने, रुपे, पितळ घडवण्यासाठी, रत्ने कोंदणात बसवण्यासाठी आणि लाकूड कोरण्यासाठी. येशूला गावचे लोक 'सुतार' म्हणून ओळखतात, आणि पौल स्वतः तंबू शिवून पोट भरतो. ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, हे त्याचे थेस्सलनीकाकरांना लिहिलेले वाक्य पुढे अनेक मालकांनी आणि काही क्रांतिकारकांनीही आपापल्या सोयीने वापरले.

मध्ययुगात 'पाचारण झालेला माणूस' म्हटला की धर्मगुरू, संन्यासी किंवा मठवासी स्त्री एवढेच डोळ्यांसमोर येई. शेतकरी, लोहार, दाई हे धर्मनिष्ठ असू शकत, पण त्यांचे काम म्हणजे संसाराचा व्याप. खरी हाक ऐकणारे वेगळे. मठांमध्ये शारीरिक कष्टाला मान नव्हता असे मात्र नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमांत आळस हा आत्म्याचा शत्रू ठरवला आहे, मठातली अवजारे वेदीवरच्या पवित्र भांड्यांइतक्या काळजीने हाताळावीत असे सांगितले आहे, आणि मठातल्या कारागिरांचा माल बाहेरच्या बाजारभावापेक्षा थोड्या कमी दराने विकावा, म्हणजे लोभ शिरणार नाही, असाही नियम आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी किमतीचा प्रश्न इतक्या थेट शब्दांत हाताळलेला पाहून मला नेहमीच कौतुक वाटते. पण हे सारे मठाच्या भिंतीच्या आतले होते.

ती भिंत पाडली सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याने. तो स्वतः १५०५ साली मठात गेलेला आणि पुढे मठ सोडून संसार मांडलेला माणूस होता, त्यामुळे दोन्ही बाजू त्याने अनुभवल्या होत्या. त्याच्या मते तारण देवाच्या कृपेने मिळते, कर्मांनी मिळवता येत नाही. आणि असे असेल तर मठवासीयाचे उपवास आणि मोलकरणीचे भांडी घासणे यांच्यात देवाच्या दृष्टीने उच्चनीच काही उरत नाही. जर्मन भाषेतला 'बेरूफ', म्हणजे हाक, हा मठासाठी राखून ठेवलेला शब्द त्याने सर्वसामान्य धंद्याला लावला, आणि आज जर्मनमध्ये 'तुमचा बेरूफ काय' असे विचारले की त्याचा अर्थ 'तुम्ही काय करता' एवढाच होतो. १४७व्या स्तोत्रावरच्या विवरणात त्याने माणसाच्या कामांना देवाचे मुखवटे म्हटले आहे. देव नांगरणीवाचूनही धान्य देऊ शकला असता, पण तो शेतकऱ्याच्या आड राहून देतो, असा त्याचा भाव. चांभाराने बुटावर क्रूस कोरण्यापेक्षा चांगले बूट शिवावेत, हे त्याच्या नावावर फिरणारे वाक्य मात्र त्याच्या लेखनात सापडत नाही. ते त्याला शोभणारे आहे, म्हणून चिकटले असावे.

मराठी वाचकाला इथे अरणचा सावता माळी आठवल्यावाचून राहणार नाही, आणि साम्य खरेच आहे; दोघेही मळ्याला देवळाइतकाच मान देतात. फरक पाहिला तर ल्यूथरची भूमिका अधिक नीट कळते. सावता माळ्याला भाजीच्या वाफ्यातच विठाई दिसते, काम हेच दर्शन. ल्यूथरला कामात देव दिसावा असा आग्रह नाही. त्याचे म्हणणे असे, की देवाला आपल्या कामाची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. भाकरी भाजणाऱ्याच्या हातून शेजाऱ्याचे पोट भरते, आणि त्या भाकरीचा दर्जा व भाव हाच त्या कामाच्या पावित्र्याचा कस. म्हणूनच १५२४ साली त्याने व्यापारातल्या साठेबाजीवर आणि व्याजखोरीवर कडाडून टीका केली. पुढे फ्रेंच धर्मसुधारक कॅल्व्हिनने व्याजाला काही अटींवर मुभा दिली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने या साऱ्यातून आधुनिक भांडवलशाहीच्या वृत्तीचे मूळ शोधले. त्याच्या प्रतिपादनावरचा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही, आणि तो इथे उकरून काढण्याचे कारण नाही.

ल्यूथरच्या शिकवणीची दुबळी बाजू मात्र पाहिलीच पाहिजे. प्रत्येकाचे स्थान हे देवाचे पाचारण असेल, तर त्या स्थानाविरुद्ध तक्रार करणे हे देवाविरुद्ध बोलणे ठरते. १५२५ साली जर्मन शेतकऱ्यांनी बंड केले तेव्हा ल्यूथर सरदारांच्या बाजूने उभा राहिला, आणि फार कठोर शब्दांत राहिला. भारतात ही शिकवण आणली की हीच शंका दुप्पट जोराने उभी राहते. 'ज्याने त्याने आपल्या स्थितीत राहावे' हे वाक्य आपण वेगळ्या तोंडून हजारदा ऐकलेले आहे. त्याला स्वधर्म म्हणा की जातीचा धंदा म्हणा. ज्याला जन्मानेच मेलेली गुरे ओढण्याचे काम वाट्याला आले आहे, त्याला 'हेच तुझे पाचारण' असे सांगणारा धर्म नवा काय देणार?

मंगळुरच्या मिशनऱ्यांपुढे हा प्रश्न चर्चेचा विषय म्हणून आला नाही. तो भुकेल्या माणसांच्या रूपाने आला. बासेल मिशनची स्थापना १८१५ साली झाली. तिला माणसे मिळत ती मुख्यतः दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग प्रांतातून, शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या घरांतून, जिथे भक्ती आणि कष्ट यांची सांगड लहानपणापासून घातलेली असे. १८३३च्या सनदी कायद्याने ब्रिटिश नसलेल्या मिशनऱ्यांना कंपनीच्या मुलखात येण्याची वाट मोकळी झाली, आणि १८३४ साली सॅम्युएल हेबिख, लेनर आणि ग्रायनर हे तिघे मलबारच्या किनाऱ्यावर उतरून मंगळुरास आले. त्यांच्याकडे तुळुनाडूत, म्हणजे मंगळुरच्या आसपासच्या तुळू भाषकांच्या प्रदेशात, आणि मलबारात जे लोक वळले त्यांत ताडी काढणाऱ्या बिल्लव आणि तिय्या समाजांतले पुष्कळ होते. मिशन दारूच्या धंद्याच्या कट्टर विरोधात, त्यामुळे बाप्तिस्मा घेणाऱ्याला माडावर चढणे सोडावे लागे. ल्यूथरची पत्नी कॅथरिना विटेनबर्गच्या घरी बिअर गाळत असे, आणि त्याच ल्यूथरचे वारसदार अरबी समुद्राच्या काठी ताडीवर बंदी घालत होते, हा इतिहासातला एक विनोदच म्हणायचा. परंतु ज्याचा धंदा गेला त्याच्या घरात तो विनोद नव्हता. शिवाय बाप्तिस्म्यानंतर जात तुटे, जमीनदार कुळाला काढून टाकी, घरातली वाटणी हातची जाई. म्हणजे श्रद्धेने माणसाला त्याच्या जन्मजात कामातून सोडवले खरे, पण पर्यायी काम कोणाकडेच नव्हते.

पौलाच्या वाक्याचा सोयीचा अर्थ इथे चालण्यासारखा नव्हता. आहे त्या स्थितीत राहणे अशक्य झाले होते, आणि मिशननेच ते अशक्य केले होते. त्यामुळे नवी स्थिती निर्माण करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. सुरुवातीचे प्रयत्न चाचपडण्याचे होते. शेतीच्या वसाहती काढून पाहिल्या, सुतारकाम व पुस्तकबांधणी शिकवून पाहिली. १८४१ साली छापखाना निघाला, तो पुढे कानडी आणि तुळू छपाईसाठी नावाजला. यातले बरेचसे उपक्रम तोट्यात गेले, कारण धर्मोपदेशासाठी तयार झालेल्या माणसाला जमाखर्च येतोच असे नाही. १८५१-५२च्या सुमारास मिशनचे प्रमुख योझेनहान्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले आणि त्यानंतर उद्योगांसाठी वेगळी व्यवस्था उभी राहिली. हालर नावाचा शिकलेला विणकर १८५१ साली मंगळुरास आला. त्याने युरोपीय पद्धतीचे धावत्या धोट्याचे माग बसवले आणि रंगशाळा काढली. खाकी रंगाचा शोध याच रंगशाळेत लागला असे मंगळुरात अभिमानाने सांगतात. पण वायव्य सरहद्दीवरच्या गाइड्स पलटणीने धुळीच्या रंगाचे कपडे त्याच्या काही वर्षे आधीच वापरायला घेतले होते, तेव्हा मंगळुरच्या वाट्याला त्या रंगाचे पक्के कापड तयार करण्याचे श्रेय दिले तर ते पुरेसे व्हावे.

१८५९ साली मिशनच्या व्यापारासाठी भागभांडवलाची कंपनी काढण्यात आली. तिची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. बासेलमधले सधन भाविक पैसे गुंतवत, त्यांना मर्यादित परतावा मिळे, आणि त्याच्यावरचा नफा मिशनच्या कामाकडे वळवला जाई. धर्मकार्य आणि धंदा एकाच घरात नांदवण्याचा हा प्रयत्न सर्वांना पसंत नव्हता. मिशनच्या आतच असा आक्षेप घेतला जाई, की देवाचे राज्य आणि कापडाचे भाव यांचा हिशेब एका वहीत ठेवला तर दोहोंपैकी एक बिघडणार.

मग आले १८६५ साल. गेओर्ग प्लेब्स्ट हा यंत्रविद्या जाणणारा मिशनरी. मंगळुराजवळच्या नेत्रावतीच्या काठची चिकणमाती उत्तम भाजते हे त्याने हेरले आणि जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला. फ्रान्समध्ये तेव्हा नव्याने रूढ होत असलेल्या खाचेच्या कौलांचा नमुना त्याने उचलला. आपल्याकडच्या गावठी नळ्यांचे छप्पर पावसाळ्यापूर्वी दरवर्षी शाकारावे लागे. माकडे, वारा आणि मांजरे यांच्यामुळे नळे सरकत, फुटत. नवे कौल एकमेकांच्या खाचेत अडकून बसे, सपाट असल्यामुळे छपराचे ओझे कमी होई, आणि वर्षानुवर्षे हात लावावा लागत नसे. आधी बैलांच्या घाण्यावर माती मळली जाई, नंतर वाफेची यंत्रे आली. तीन वर्षांत, १८६८मध्ये, मंगळुरातल्या आल्बुकर्क घराण्याने स्वतःचा कारखाना काढला, पुढे इतरही अनेक निघाले; मिशननेही कोळीकोड, मालपे, फेरोक अशा ठिकाणी भट्ट्या पेटवल्या. होड्यांतून आणि जहाजांतून ही कौले किनाऱ्याने वर सरकत रत्नागिरी, मुंबईपर्यंत आली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मिशनच्या विणकामात आणि कौलांच्या कारखान्यांत मिळून काही हजार माणसे कामाला होती.

या घडामोडीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट कौलांच्या आकारात नाही. मातीला हात लावणे हे आपल्या गावगाड्यात कुंभाराचे काम, विणणे हे विणकराचे. मंगळुरात मात्र माती मळणारा जन्माने कुंभार नव्हता, आणि मागावर बसणारा जन्माने कोष्टी नव्हता. कालपर्यंत माडावर चढणाऱ्याचा मुलगा आज साच्यावर उभा होता, त्याच्या शेजारी दुसऱ्या जातीतून आलेला होता, आणि बायकाही होत्या. काम शिकून मिळवता येते, जन्माने मिळत नाही, हे इथे रोजच्या रोज दिसत होते. 'आहे तिथेच राहा' असे ज्या शिकवणीत ऐकू येण्याचा धोका होता, तीच शिकवण घेऊन आलेल्या माणसांच्या हातून जात आणि धंदा यांची गाठ थोडीशी सैल झाली. ते त्यांनी ठरवून केले असे म्हणणे फार होईल; परिस्थितीने त्यांना तिकडे ढकलले.

या कथेची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कारखान्याचा दिवस प्रार्थनेने सुरू होई, रविवारी भट्टीवर काम नसे, बचतीची आणि आजारपणाच्या मदतीची सोय होती. त्या काळच्या इतर गिरण्यांशी तुलना केली तर हे पुष्कळच चांगले होते. पण धर्मगुरू, मालक आणि पुष्कळदा घराचा मालकही एकच संस्था होती. चर्चच्या शिस्तीत चूक झाली तर त्याची झळ पोटाला लागण्याचे भय होते, आणि मजुरीविषयी तक्रार करायची तर ती ज्याच्यापुढे गुडघे टेकायचे त्याच्याचविरुद्ध करावी लागे. मिशनरी उलट असे कुरकुरत, की लोक तांदळासाठी ख्रिस्ती होतात. हा आरोप मला नेहमीच अन्यायाचा वाटत आला आहे: ज्याचे जुने काम तुम्ही बंद केले, त्याने तुमच्याकडे भात मागितला तर तो लोभी कसा?

इथे पाचारणाची शिकवण अपुरी पडते, आणि ख्रिस्ती परंपरेतला दुसरा धागा हाती घ्यावा लागतो. पाचारण सांगते की काम चांगले कर. मजुरी किती असावी ते ती सांगत नाही. ते पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आहे: गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याच्या आत द्यावी, कारण त्याचे सारे लक्ष तिच्याकडे लागलेले असते. याकोबाच्या पत्रात तर शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते असे म्हटले आहे. कॅथलिक चर्चने हा धागा १८९१ साली पोप तेरावे लिओ यांच्या परिपत्रकात पुढे नेला. मजुराने नाइलाजाने कमी पगार कबूल केला म्हणून तो न्याय्य ठरत नाही, काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे पोट भरेल इतकी मजुरी हा नैसर्गिक न्याय आहे, आणि कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे, असे त्यात ठामपणे मांडले आहे. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यात भर घातली ती अशी, की कामाची किंमत वस्तूवरून ठरवण्याआधी ते करणाऱ्या माणसावरून ठरवावी. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. बासेलचे मिशनरी प्रॉटेस्टंट, त्यामुळे रोमच्या परिपत्रकाशी त्यांचा संबंध येण्याचे कारण नव्हते. पण त्यांच्या कारखान्यात जो प्रश्न अर्धवट राहिला होता, त्यावरच हे बोट ठेवलेले आहे.

महाराष्ट्रात हाच प्रश्न केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनपुढे वेगळ्या रूपात आला. १८९६-९७च्या आणि त्यानंतरच्या दुष्काळांत त्यांनी ज्या विधवा आणि अनाथ मुली जमवल्या, त्यांना जातीचा धंदाही नव्हता. विधवेला गावगाड्यात काम असे ते केवळ दुसऱ्याच्या घरचे राबणे. तिथे शेती, विणकाम आणि छापखाना चालवला गेला. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, पूर्ण छापून बाहेर आले, आणि ते छापण्याच्या कामात याच बायकांचे हात होते.

मंगळुरच्या कारखान्यांचा शेवट मात्र श्रद्धेच्या किंवा धंद्याच्या कोणत्याही कारणाने झाला नाही. १९१४ साली युद्ध सुरू झाले, जर्मन नागरिक असलेले मिशनरी शत्रुराष्ट्राचे ठरले, आणि त्यांतल्या अनेकांना अहमदनगरच्या छावणीत आणून स्थानबद्ध करण्यात आले. नंतर त्यांना मायदेशी धाडले गेले. उद्योग सरकारने ताब्यात घेतले आणि युद्धानंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या ब्रिटिश कंपनीकडे गेले. साचे तेच राहिले, माती नदीकाठचीच होती, कामगारही बहुतेक जुनेच. कौलाच्या पाठीवरचे नाव तेवढे बदलले. चर्च आणि कारखाना आता वेगळे झाले होते, आणि मजुरीविषयी बोलायचे असेल तर ते पाद्र्याशी न बोलता व्यवस्थापकाशी बोलावे लागणार होते.